आठची मालिका मी पाडली

दुसऱ्या पर्वाचा प्रोमो मी शहापूरच्या आमच्या घरात, आईच्या शेजारी बसून पाहिला. आई वालाच्या शेंगा सोलत होती. पडद्यावर मालिकेची नायिका विमानतळातून बाहेर येत होती. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चाकांची बॅग.

"ही आपली नाय वाटत गो," आई म्हणाली.

मलाही ते तेव्हाच कळत होतं. पहिल्या पर्वाचे सगळे संवाद माझे होते. दुसरं पर्व लिहून झालंय, शूटिंग सुरू झालंय, आता प्रोमोही लागला, यातलं एक अक्षर मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी आमच्या मुख्य लेखकांना फोन लावला. सेटवर सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचे.

"अगं, तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "चॅनेलचं म्हणणं पडलं की भाषा गावठी होते. या वेळी शहरातला प्रेक्षक धरायचाय. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या कामाला तुलाच बोलावतो."

"ठीक आहे सर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. या धंद्यात माणसं बदलतात. आज तुम्ही, उद्या दुसरं कोणी. पण त्याच आठवड्यात कोणीतरी मला त्यांच्या मुलाखतीचा व्हिडिओ पाठवला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, नायिकेची ती झणझणीत भाषा तुम्हाला कुठे सापडली? सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "माळशेजच्या रस्त्याला एक म्हातारी करवंदं विकायला बसायची. मी गाडी थांबवून तिच्याशी तासन् तास गप्पा मारायचो. ती बोलायची, मी ऐकायचो."

ती म्हातारी माझी मावशी होती. आईची थोरली बहीण. माळशेज घाटाखालच्या वैशाखऱ्याला राहायची, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणि पावसाळ्यात भाजलेली कणसं घेऊन रस्त्याला बसायची. नवरा लवकर गेला, दीरांनी घराबाहेर काढायला बघितलं, ती हलली नाही. तोंड इतकं तिखट की एसटीचे कंडक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलत. नायिकेच्या तोंडचं प्रत्येक चांगलं वाक्य तिचं होतं. ते मी सरांना स्वतः सांगितलं होतं, पहिल्या पर्वाच्या वेळी, त्यांच्या ऑफिसात बसून. मावशी तेव्हा नुकतीच वारली होती आणि तिच्याबद्दल बोलायला मला बरं वाटत होतं. सर मन लावून ऐकत होते. सर कधी माळशेजला गेलेच नव्हते. वळणाच्या रस्त्याला त्यांना गाडी लागते, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं.

तो व्हिडिओ मी आईला दाखवला नाही. पुन्हा एकदा लावून पाहिला, मग फोन उपडा ठेवला आणि ठरवलं की ही मालिका पाडायची.

दुसऱ्या एका चॅनेलसाठी मालिका बनवणाऱ्या एक बाई होत्या. पूर्वी त्यांनी मला कामासाठी विचारलं होतं आणि मी सरांच्या भिडेपोटी नाही म्हटलं होतं. आता मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "काम आहे, पण वेळ वाईट आहे. रात्री आठ. समोर तुमचीच जुनी मालिका परत येतेय. त्या वेळेला उभं राहायला कोणी तयार नाही, म्हणून आमच्या गळ्यात मारलीये."

"मला तीच वेळ पाहिजे," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "राग आहे वाटतं."

"आहे."

"मग या उद्या."

आमच्या मालिकेत मोठा चेहरा नव्हता. घाटाच्या रस्त्याला एक ढाबा, तो चालवणाऱ्या दोन जावा आणि त्यांची सासू. मावशीचं एकही वाक्य मी त्यात घातलं नाही. घातलं असतं तर सरांनी सगळीकडे सांगितलं असतं की ही माझीच नक्कल करते. सासू मी आईवरून उचलली. ती कमी बोलते, आल्या-गेल्याला जेवू घालते आणि स्वतःचा हेका तसूभर सोडत नाही.

दोन्ही मालिका गणपती झाल्यावर एकाच सोमवारी सुरू झाल्या. आठ वाजले आणि आईने टीव्हीवर सरांची मालिका लावली.

"आई, माझी त्या चॅनेलवर आहे."

"तुझी उद्याला बघीन. हिचं काय झालं ते बघू दे गो आधी. दीड वरीस थांबले मी."

तर ती टीव्हीसमोर सरांची मालिका बघत बसली आणि त्याच खोलीत भिंतीला टेकून, कानात वायर घालून, मी फोनवर माझी. कोण काय बघतं ते मोजणारी टीआरपीची पेटी कोणाच्या घरी बसवलीय ते कोणाला कळत नाही. आमच्या घरी नव्हती, त्यामुळे आईचं बघणं कुठल्याच हिशेबात धरलं जात नव्हतं. तरी मला ते डोळ्यांत खुपायचं.

पुढच्या गुरुवारी पहिल्या आठवड्याचे टीआरपीचे आकडे आले. सरांची मालिका थाटात वर होती आणि आमची पार तळाला. बाईंच्या ऑफिसात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुपारी सरांचा मेसेज आला. "तुझी मालिका लागल्याचं कळलं. खचू नकोस. नवीन मालिकेला वेळ लागतो. माझे आशीर्वाद आहेत."

आशीर्वाद हा शब्द वाचून माझे कान तापले. पण मी घाबरले नव्हते. मावशी म्हणायची, "गाडी थांबली म्हंजे गिराईक नाय गो. काच खाली झाली की गिराईक." परत आलेल्या मालिकेचा पहिला आठवडा म्हणजे थांबलेली गाडी असते. ओळखीचं माणूस खूप दिवसांनी दिसलं की लोक डोकावतातच. ते टिकतात की नाही, ते पुढच्या आठवड्यांत कळतं. आणि लोकांना टिकवणं सरांना जमत नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण पहिल्या पर्वात ते काम मी करत होते.

त्यांची खोड मला पाठ होती. सोमवारी ते धमाका करायचे आणि शुक्रवारी कोणालातरी कड्यावर लटकवायचे. बुधवारी मात्र त्यांच्याकडे काही नसायचं. बुधवारी नायिका खिडकीशी उभी राहून जुन्या गोष्टी आठवायची, सगळे एकमेकांकडे वळून बघायचे आणि संगीत वाजायचं. पूर्वी ते बुधवार मी मावशीच्या जिभेवर ओढून न्यायचे. आता तिथे ओढायला कोणी नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, आपला सगळ्यात जोरदार प्रसंग बुधवारी ठेवायचा, आणि पहिल्या जाहिरातीनंतर लगेच. लोक कंटाळून रिमोट उचलतात तेव्हा आपल्याकडे काहीतरी पेटलेलं असलं पाहिजे.

"सगळे शुक्रवारी ठेवतात," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच."

तिसऱ्या बुधवारी धाकट्या जावेने भर ढाब्यात थोरलीचा खोटेपणा उघडा पाडला. चौथ्या बुधवारी सासूने पोटच्या मुलाला ताटावरून उठवलं. ते लिहिताना मी कथेचा विचार करत होते असं म्हणणं खोटं ठरेल. मी खिडकीशी उभ्या असलेल्या त्या नायिकेचा आणि तिच्यामागे वाजणाऱ्या व्हायोलिनचा विचार करत होते. आता घराघरात बोटं रिमोटकडे जात असतील, असं मनात यायचं आणि हात भराभर चालायचा.

दुसऱ्या आठवड्यात सरांची मालिका घसरली. चॅनेलने फार मनावर घेतलं नाही, परत आलेली मालिका दुसऱ्या आठवड्यात थोडी खाली येतेच. तिसऱ्या आठवड्यात ती आणखी खाली आली आणि आमची वर चढली. चौथ्या आठवड्यात आम्ही पुढे गेलो. बाईंनी पेढे मागवले. मी एक पेढा खाल्ला आणि एक कागदात गुंडाळून आईसाठी नेला.

"कसला पेढा?"

"माझी मालिका वर गेली. सरांची खाली आली."

आईने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "तिला शेरात नेली तवाच मी म्हटलं. आता ती तशी बोलत नाय." पेढा देवापाशी ठेवून म्हणाली, "पण बोलंल परत. माझी बहीण अशीच रुसायची, चार दिस तोंड शिवून बसायची. मग एकदम सुटायची."

आई ती मालिका का बघते, हे मला तेव्हा नीट कळलं. ती रोज आठ वाजता बहिणीची वाट बघत बसायची. माझा राग त्याने कमी झाला नाही, उलट वाढला. सरांनी मावशीचा आवाज उचलला होता आणि वर तो गावठी म्हणून फेकूनही दिला होता.

भाताच्या कापण्या आटपत आल्या तेव्हा एका दुपारी सर आमच्या दारात उभे राहिले. मुंबईहून हायवेने गाडी घेऊन आले होते. आमच्या टोकावड्याच्या शेतातला नवा तांदूळ तेव्हाच घरात आला होता. आईने त्यांना ओळखलं, पहिल्या पर्वाच्या पार्टीत पाहिलं होतं. तिला कोण आनंद झाला. ती लगेच नव्या तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली.

"खावा पोटभर. तुमची मालिका मी एक दिस चुकवत नाय," ती त्यांना म्हणाली. "पण तिला गावाला परत आणा ओ. तिथं ती गुदमरते."

"आणणार आहे, मावशी. त्याच्यासाठीच आलोय," सर म्हणाले.

त्यांनी आईला मावशी म्हटलं तेव्हा मला ताट उचलून न्यावंसं वाटलं.

हात धुऊन ते माझ्यासमोर बसले. चेहरा उतरला होता. चॅनेलने मालिका साडेसहाला ढकलायचं ठरवलं होतं, आणि साडेसहाला गेलेली मालिका बहुतेक परत वर येत नाही. "शेवटचा प्रयत्न करतोय," ते म्हणाले. "तू लिही. तिला गावात आणू, तीच भाषा, तोच ठसका. या वेळी तुझं नाव आधी येईल, माझं नंतर."

"सर, तुम्ही माळशेजला गेलात का हो कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतेय ते त्यांना लगेच कळलं.

"मुलाखतीत माणूस काहीतरी बोलून जातो," ते हळूच म्हणाले.

"त्या म्हातारीकडे तासन् तास बसला होतात ना तुम्ही? मग तिलाच आठवा आणि लिहा. माझी काय गरज?"

"तुला सूड घ्यायचाय."

"हो," मी म्हणाले. "बराचसा घेऊन झालाय."

ते उठले. आईने त्यांच्या हातात नव्या तांदळाची पिशवी दिली. तीही त्यांनी घेतली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आईने भांडी आवरता आवरता विचारलं, "लिवलं असतंस तर काय झालं असतं?"

मग मी तिला तो व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला. "खोटा बोलतो," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पण तिला कशाला मारतेस त्याच्यासाठी?"

मालिका साडेसहाला गेली आणि थोड्याच आठवड्यांत बंद झाली. मेकअप करणाऱ्या ताईंचा फोन आला. अचानक काम गेलं म्हणून त्या रडत होत्या. मी त्यांना बाईंकडे पाठवलं, त्यांना काम मिळालं. बाकीच्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. सर त्यानंतर बराच काळ घरी बसून होते, असं कानावर आलं. ते ऐकलं त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शेवटचा भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिला. दिवेलागणीची वेळ होती. नायिका गावात आलीच नाही. तिने सगळ्यांना माफ केलं, चष्मा लावला आणि परदेशाच्या विमानात बसली. आईने टीव्ही बंद केला, उठून देवापाशी दिवा लावला आणि परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आता तू सांग," ती म्हणाली. "तुझ्या मनात काय होतं तिचं?"

माझ्या मनात सगळं तयार होतं. सर दारात आले त्याच्याही आधीपासून. मी सांगायला लागले. ती गावात येते, दिरांनी घराला कुलूप लावलेलं असतं. ती कुलूप तोडत नाही, तंटामुक्तीवाल्यांकडे जात नाही. ओट्यावर चूल मांडते आणि तिथेच राहायला लागते. आल्या-गेल्याला भाकरी देते. मग गावच तिच्या बाजूने होतं आणि दीर किल्ली आणून देतात.

आई मध्येच हात वर करून म्हणाली, "नाय गो. भाकरी मी देईन. ती नाय द्यायची."

"मग काय करेल ती?"

"ती दिराच्या ओट्यावर जाऊन बसंल. आन् गावातून जो जाईल त्याला हाका मारून मारून सांगंल, का बसलीय ते."

मी म्हटलं, मग पुढे?

"पुढं तू लिवणारी ना?" आई म्हणाली आणि भात टाकायला आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले आणि आम्ही तिच्या दिरांवरून वाद घालत बसलो.