आवणाला कुलूप

२००५ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी धसईच्या बाजारात मी एका माणसाचं मनगट मोडलं. दोन इयत्ता शिकलेला माणूस आहे मी, सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो.

माझी थोरली मुलगी नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे परत आलेली. आधी वाशिंदच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची, मग धसईत स्वतःचा गाळा घेतला. लग्नपत्रिका, अर्ज, पावतीपुस्तकं. त्या गाळ्यावरच तिचं पोट. मराठी अक्षरांचा प्रोग्राम विकत घ्यायचा तर त्याला कुलूप असे. एका मशीनवर चाले, दुसऱ्यावर नाही. म्हणून तिनं कुणीतरी मोकळा सोडलेला फॉन्ट मिळवला. त्यातली जोडाक्षरं फुटत. पावसाळाभर बसून तिनं ती एकेक नीट केली, आणि जो मागेल त्याला सीडी फुकट द्यायला लागली.

यावरून मी रोज भांडायचो.

"राबलीस तू नि खाणार गाव? शेताला बांध असतो गो. तू पण घाल कुलूप."

"बाबा, ह्ये शेत नाय, आवण हाय. मी पण दुसऱ्याचंच घेऊन सुधारलं."

आवण म्हणजे भाताची रोपं. लावणी झाली की ज्याचं आवण उरतं तो जुड्या बांधावर ठेवतो, ज्याला कमी पडतं तो उचलतो. विचारायचं नाही, पैशाचं नाव काढायचं नाही. पुढं कधी त्याचं उरलं की त्यानं बांधावर ठेवायचं, बस. तरुणपणी एकानं माझं आवण उचललं आणि पलीकडच्या गावात विकलं. मी त्याला केसांना धरून चिखलात लोळवला, मानेवर गुडघा दिला. लोकांनी ओढलं नसतं तर मेला असता. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तरी मुलीचं बोलणं डोक्यात शिरत नव्हतं. कॉम्प्युटरमधलं अक्षर, धड हातात येत नाही, ते आवण कसं?

मुरबाडचा एक दुकानदार ताई ताई करत तिच्याकडून सीडी घेऊन गेला होता. त्यानं तिच्या अक्षरांना आपलं नाव दिलं, कुलूप ठोकलं आणि तालुकाभर विकायला काढली. मग एका बाजाराच्या दिवशी दोन दांडगे घेऊन तो तिच्याच गाळ्यात शिरला. मी समोर कुऱ्हाडीसाठी दांडा निवडत होतो.

"हा फॉन्ट माझा. लायसन दाखव, नायतर मशीन उचलतो."

"तुझा? माझ्याच टेबलावरनं नेलास तू!"

"फुकट वाटलंस ना? मग मी त्याचं काय पण करीन. दुकानदुकान फिरून लोकांना शिकवलं कोणी, तुझ्या बापानं?"

"शिकवायचे पैसे घे की! विक पण, मी नाय बोलत. फक्त कुलूप घालायचं नाय, पुढच्याला मोकळं द्यायचं. एवढीच अट होती."

"मोडली अट. काय करशील?"

एकानं मशीन उचललं. तिनं वायर धरली. त्यानं तिला ढकललं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर तिची भुवई फुटली. रक्त अक्षरांच्या बटणांवर पडलं. दांडा हातात घेऊन मी आत शिरलो, ती बटणं लाल झालेली पाहिली, आणि तिथंच मला कळलं, हे आवणच आहे, उचलून विकलेलं.

पहिला फटका मशीनवाल्याच्या मनगटावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मशीन खाली, तो खाली. दुसऱ्यानं माझ्या तोंडावर बुक्की घातली, दात घशाकडे गेला, तो थुंकून मी त्याच्या नडगीवर दांडा घातला. दुकानदार पळायला गेला, त्याची कॉलर धरून भिंतीवर आपटला. ओरडायला लागला तसा आणखी एकदा आपटला. शेवटी भाजीवाल्यांनी मला मागून मिठी मारून धरलं.

हवालदार आला. "आजोबा, दोन्हीकडनं मारलंय. दोघांवर लिहू? का घरी जाता?"

जाताना दुकानदार नाकाला रुमाल लावून बोलला, "उद्या मुरबाडात सगळ्यांना सांगतो, बाई चोर नि बाप गुंड."

मला वाटलं मुलगी शाबास म्हणेल. भुवईला टाके घातले तशी माझ्यावरच उसळली. "त्याचंच खरं केलंत तुमी! मनगट मोडून फॉन्ट कोणाचा ते ठरतं का? आता माझ्याकडं पत्रिका छापायला कोण येल? गाळा बंद करते मी."

विकण्यावरूनही आमचं पटलं नाही, अजून पटत नाही. ती म्हणते विकावं, कुलूप नसलं म्हणजे झालं. मी म्हणतो आवण विकायचंच नाही. पण कुलपाबद्दल आता आम्ही एक होतो. मी म्हणालो, "गाळा बंद नाय करायचा. ती अट मराठीत छाप, मोठ्या अक्षरात. आणि असतील तेवढ्या सीड्या दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी मुरबाडला गेलो. त्याच्या दुकानासमोर गोणपाट अंथरलं, जुड्या ठेवाव्या तशा सीड्या मांडल्या, दांडा मांडीवर आडवा घेतला आणि बसलो. त्यानं शटर वर केलं, मला पाहिलं, तसंच धरून उभा राहिला. आजूबाजूचे दुकानदार जमले. पहिली सीडी मी त्यालाच दिली आणि वरचा अटीचा कागद दाखवला.

"वाच," म्हणालो. "मोठ्यानं. मला चष्मा नाय."