शर्यतीत दादानं विचारलं ते

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. दादाबद्दल तोंडानं सांगायला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

फोन जाऊबाईंच्या मोबाइलवर आला तेव्हा मी महाडच्या घरी तांदूळ निवडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुमे, तुझा दादा गेला गो." वसंतदादा बहरीनला कामगारांची बस चालवायचा. झोपेतच गेला. विमानानं आणलं, पोलादपूरला चुलतभावाच्या दारात थोडा वेळ ठेवलं आणि सावित्री नदीच्या काठी नेलं. आम्ही बायका दारातच थांबलो... मला त्याचा चेहरा नीट बघायचा होता, पण पुढच्यांना सरका म्हणवलं नाही.

आमचं माहेर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. लहानपणी आम्ही दोघं वळणावरच्या कठड्यावर बसायचो आणि डोळे मिटून, कुठली गाडी येते ते आवाजावरून ओळखायचो. हरेल त्यानं पाण्याचा हंडा आणायचा. दादा कधी हरला नाही, पण हंडा पुष्कळदा तोच आणायचा. पुढं तो ड्रायव्हर होऊन बहरीनला गेला. लग्न केलं नाही. माझं महाडला झालं, पण माझे यजमान लवकर गेले. तेव्हापासून मी दिरांच्या घरी राहिले. वाईट कुणी वागवलं नाही. स्वयंपाकघरात अंथरूण टाकायचं, सगळ्यांच्या आधी उठून गुंडाळायचं. कुणी काही विचारलं की मान हलवायची, एवढंच मला येत होतं.

मागच्या वर्षी दादानं फोनवर सांगितलं, इथं जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांची शर्यत असते, देशोदेशीची माणसं येतात, तिकीट पाठवतो, तू ये. जाऊबाई हसून म्हणाल्या, "इथं बैलगाड्यांची शर्यत बघायला घराबाहेर पडली नाय, आन् ही चालली परदेशात!" मलाही हसू आलं. तरी मी गेले. विमानात पट्टा बांधून बसले ती उतरेपर्यंत पाणीसुद्धा मागितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी दादानं पहाटे तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, बरोबर सुकट घेतली. फाटकावर बाहेरचं खाणं नेऊ देत नव्हते. पहारेकऱ्यानं डबा उघडला, वास घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि झाकण लावून परत दिला. दादा म्हणाला, "केरळचा दिसतोय. त्यालाबी घर आठवलं." आत वाळवंटातला तो काळा गुळगुळीत रस्ता, झेंडे, तोंडं रंगवलेले गोरे लोक. त्यांच्यात मी पदर डोक्यावरून घेऊन बसले होते. आमची जागा वळणावर होती. मी म्हटलं, "समोरची मोठी जागा नाय मिळाली काय रे?" तर म्हणाला, "सरळ रस्त्याला कोणपण पळवील. ड्रायव्हर वळणावर कळतो." मग त्यानं माझ्या कानांत स्पंजचे बोळे घातले.

गाड्या आल्या, म्हणजे आधी छाती हादरली आणि मग काहीतरी लाल, निळं डोळ्यांसमोरून गेलं. मी विचारलं, "गेली पण?" दादा पोट धरून हसला. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. मधेच तो माझ्याकडं वळून काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. ओठ हलताना दिसत होते, पण गाड्यांच्या आवाजात शब्द एकही कळला नाही. मजा येते का असं विचारत असेल, असं मला वाटलं. मी मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवली. मग तो शर्यत सोडून नुसता समोरच्या वाळवंटाकडं बघत राहिला. परतताना बसमध्ये गुणगुणत होता. आपल्या आवडीची गाडी जिंकली असेल, असं मी धरून चालले...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी करीमभाई भेटायला आले. बहरीनला ते दादाच्याच खोलीत राहायचे. सुट्टीवर आले होते, वीर स्टेशनला गाडीतून उतरले आणि रिक्षानं आधी माझ्याकडंच आले. चहा घेता घेता म्हणाले, "ताई, खोली आवडली का?"

"कसली खोली?"

"तुमची. वसंतनं गावाला बांधली ती. सगळ्यांना सांगत सुटला होता, मी परत गेलो की सुमी माझ्याकडं राहायला येणार. शर्यतीत विचारलं, दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाली."

मी हातातली बशी खाली ठेवली. दादा गावाला घर बांधतोय एवढंच मला ठाऊक होतं. ऐकू आलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. लोक काय म्हणतील, दिरांना काय वाटेल, हेच आधी आठवलं असतं. त्या गोंगाटामुळं मी दादाला हो म्हटलं आणि तो वर्षभर त्या हो वर खूश होता.

दुसऱ्या दिवशी दिरांना सांगितलं, मी गावाला राहायला जाते. ते म्हणाले, "वेडी काय? तिथं एकटी काय करशील? कोण हाय तिथं?" मी नेहमीसारखी खालीच बघत होते, पण बोलले. "दादाला हो म्हटलंय."

घराच्या दोनच खोल्या. दादाची अजून नुसत्या विटांची, दार-खिडकी काही नाही, वारा आरपार जातो. माझी मात्र पुरी झालेली. गिलावा, आकाशी रंग, लोखंडी पलंग. आणि दाराला आतून कडी. यजमान गेल्यापासून मी आतून कडी लावून कधी निजले नव्हते. पहिल्या रात्री ती लावली, काढली, पुन्हा लावली. आता मी दार उघडंच ठेवून निजते. ज्याच्यासाठी उठून कडी काढावी तो दादाच आता यायचा नाही, मग ती लावायची कशाला.