अण्णांनी शिकवलेली व्हिस्की

मला व्हिस्की माझ्या सासऱ्यांनी शिकवली.

हे वाक्य मी जालन्यात कधी मोठ्यानं बोलले नाही. आज लिहिते. अण्णांना जाऊन आज वर्ष झालं.

माझं माहेर कुंभार पिंपळगाव. धाकटे चुलते प्यायचे. ते घरी आले की आई आम्हा पोरींना आतल्या खोलीत घालायची आणि बाहेरून कडी लावायची.
तेव्हापासून दारूचा वास आला की माझे हात गार पडायचे.

लग्न होऊन जालन्यात आले. अण्णा मूळचे वडीगोद्रीचे, शेतकरी घरातले. एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. रविवारी दुपारी जेवणाआधी गॅलरीत बसून एक पेग घ्यायचे. एकच.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच रविवारी वास आला आणि मी किचनचं दार आतून लावून घेतलं.

अण्णांनी दार वाजवलं नाही. बाहेरूनच विचारलं, “भ्या वाटून राह्यलं का, पोरी?”
“हो.”
“बरं.”

पुढच्या रविवारी ग्लास दिसला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, तब्येतीमुळं सोडली असेल.

दिवाळीत सासूबाई बोलून गेल्या. “तुझ्यामुळं बंद केली त्यांनी. तुला सांगू नको म्हन्ले व्हते.”

स्वतःच्या घरात, स्वतःचा शौक, घरात नव्यानं आलेल्या एका मुलीसाठी सोडला. आणि त्याबद्दल एक शब्द नाही.

मीच गेले त्यांच्याकडे.
“अण्णा, तुम्ही घ्या. माझ्यासमोर घ्या. मला ही भीती घालवायची आहे.”

त्यांनी बाटली काढून ग्लासात थोडी ओतली.
“मंग आधी वास घे. पिऊ बिलकुल नको.”

ग्लास हातात दिला. मी हुंगलं आणि तोंड फिरवलं. “दारूचा वास येतोय.”
“तो तर येनारच. त्याच्या मागं काय हाय ते बघ. जल्दी न्हाई आपल्याला.”

त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकले. तोंड थोडं उघडं ठेवून हुंगायला सांगितलं.

आणि मला गूळ सापडला. गुऱ्हाळातला, कढईतून नुकता काढलेला, गरम.

“बराबर!” अण्णा खुर्चीतून उठलेच.

मग दर रविवारी क्लास. बार्ली म्हणजे काय, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवल्यावर रंग कसा चढतो, सगळं सांगायचे. एका बाटलीत मोसंबीची साल सापडली. एका धुरकट स्कॉचला मी “हुरड्याची आगटी” म्हणाले, तर अण्णा दिवसभर ज्याला त्याला फोन करून सांगत बसले.
पहिला घोट कितीतरी महिन्यांनी घेतला. तोही मी मागितला म्हणून.

दुसरा पेग कधीच नाही. “एकाच्या पुढं नाक झोपतं. मंग काय समजनार?”

माझा नवरा? तो थेंबही घेत नाही. त्याला ॲसिडिटी. 😄

एका साखरपुड्यात नात्यातल्या एका मोठ्या माणसानं चारचौघांत टोमणा मारला, “सुनंला दारू पाजता म्हने?”

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

अण्णा शांतपणे म्हणाले, “पाजत न्हाई, शिकवतो. तुमच्या पोराला बी पाठवा. त्याला जास्त गरज हाय.”

त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मग अण्णांना करोनाचा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलाच नाही.
ज्या माणसाचा सगळा आनंद नाकात, त्याचं नाक गेलं.

मी बाटल्या आत ठेवून द्यायला निघाले. अण्णांनी थांबवलं.
“कामून ठिवून राह्यली? तुला येतो ना वास? मंग तू सांग.”

तेव्हापासून मी हुंगायचे आणि सांगायचे. ते डोळे मिटून घोट घ्यायचे.

एकदा म्हणाले, “मला निस्तं तिखट लागतं बघ. पन तू बोलली की आठवतंय.”
तक्रारीचा सूर नव्हता. खुशीत होते.

मागच्या वर्षी याच दिवशी सकाळी, पेपर वाचता वाचता गेले. हार्ट अटॅक. कुणाला त्रास दिला नाही.

वर्षभर मी बाटलीला हात लावला नाही.

आज सकाळी फोटोला हार घातला. पूजा झाली, पाहुणे जेवून गेले. सासूबाई गॅलरीत येऊन बसल्या. आयुष्यात दारूला न शिवलेली बाई.

“त्यांची ती काढ बरं. मला बी बघू दे, काय हुंगत व्हते इतके वर्षं.”

मी थोडी ओतून ग्लास हातात दिला. पदर सावरून त्यांनी नाकाजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला.

मी विचारलं, “काय येतंय, आई?”

“त्यांच्या सदऱ्याचा वास,” त्या म्हणाल्या.

आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळ्या होऊन रडल्या.

अण्णा, तुमच्यासारखा सासरा सगळ्या पोरींना मिळो.
तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार. 🙏