नाओयाचा गोळा

जपानातल्या आमच्या काताकाई गावात जत्रेला आतषबाजीचे गोळे घराघरातून येतात. कुणाला नातू झाला, कुणाचा बाप गेला, की देवाच्या नावाने एक गोळा आकाशात. आधी भोंग्यावरून नाव आणि घरच्यांचा निरोप वाचतात, मग गोळा सुटतो. गेलेल्या माणसाचा असला की सगळं मैदान हात जोडतं.

सगळं मैदान, एक शिगेमित्सु न्हावी सोडून. त्याचे हात कॅमेऱ्यात गुंतलेले. कॅमेरा स्टँडवर, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला बटण. गोळा वर निघाला की बटण दाबायचं आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत दाबून धरायचं. तेव्हा कुठे अख्खं फूल फोटोत उतरतं. लोकांच्या गोळ्यांचे फोटो तो हौसेने काढायचा आणि दाढीला आले की हातात ठेवायचा. बोलका इतका, की वस्तरा थांबेल पण तोंड थांबायचं नाही.

यंदा टोफूवाल्या तोयोकोताईने त्याला बजावलं होतं. मुलगा गेल्यापासून ती दरवर्षी त्याच्या नावाचा गोळा द्यायची. पण नाव ऐकलं की तिची मान जी खाली जायची, ती आवाज विरल्यावरच वर यायची. पोराचा गोळा तिने एकदाही पाहिला नव्हता.

“मला वर बघवत नाही रे शिगे. फोटोत बघेन. डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणतो, पुढच्या साली उजेड-अंधार तेवढा कळेल.”

“काळजीच सोड ताई,” हा म्हणाला होता.

आणि आज नेमका वारा पडला. धूर जागचा हलेना. शिगेमित्सुच्या तळहाताला घाम सुटला. बटण निसटू नये म्हणून त्याने ते पँटीला पुसलं, पुन्हा घट्ट धरलं.

भोंगा बोलला, “नाओयासाठी, आईकडून. माझं बरं चाललंय. जेवतोस ना वेळेवर?”

या पोराचं जावळ शिगेमित्सुनेच काढलं होतं. डोक्यावर गोळा फुटला, आकाश उजळलं, विझलं, आणि मग त्याला दिसलं की आपले हात जोडलेले आहेत. बटण खाली गवतात पडलं होतं.

पुढचा गोळा कुणाच्या तरी साठाव्या वाढदिवसाचा. तो सवयीने टिपला गेला, सोनेरी, रेखीव. तेवढ्यात तोयोकोताई चाचपडत आलीच. कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून म्हणाली, “हाच?”

हो म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं असतं?

“नाही ताई. नाओयाचा मी घालवला. निरोप ऐकला आणि हात जोडले गेले.”

“एक काम सांगितलं होतं मेल्या तुला. एक.”

पडद्यावरून मान वर करून ती म्हणाली, “मानही खाली घातलीस?”

“नाही. बघत होतो.”

“मग सांग.”

दिवसभर बडबडणारा माणूस एकेक शब्द जुळवून सांगू लागला. “आधी सोनेरी. मोठा, मैदानभर. मग टोकं निळी झाली. त्याची ती बेसबॉलची टोपी होती ना, तसली निळी.”

तोयोकोताईने त्याची बाही घट्ट धरली. “तीच टोपी नेऊन दाखवली होती मी गोळेवाल्याला,” ती म्हणाली, आणि भर गर्दीत मोठ्याने रडायला लागली.