बिनवायरीचा फ्लॅश

आमच्या घराण्यात पदवीधर झालेला पहिला माणूस मी, आणि आमच्या घराण्यातली सगळी माणसं ज्याला बघून केस नीट करतात तो माणूस म्हणजे दत्तू.

दत्तू माझा चुलतभाऊ. दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा गणिताने त्याला उठवलं, आणि मग त्याने मालवणच्या बाजारात फोटो स्टुडिओ टाकला. मी बी.एस्सी., विषय पदार्थविज्ञान, दुसरा वर्ग (पहिला चार गुणांनी हुकला, पण ते इथे सांगायचं कारण नाही). हायस्कुलात मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवतो. म्हणजे उजेड या विषयावर अधिकार माझा, आणि मान दत्तूला.

लग्न असो, बारसं असो, मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो की आमची आत्ये म्हणायची, "इलंस? बस थयसर." आणि मागून दत्तू आला की तीच आत्ये, "दत्तू इलो गो. चाय टाका. तेका खुर्ची देवा." दत्तूच्या खांद्याला एक काळी बॅग असायची. तिला चेनी किती आहेत हे मी एकदा कुणाचं लक्ष नसताना मोजलं होतं. अकरा. त्यातली एक उघडून तो फिल्मचा कॅमेरा काढायचा, दुसरी उघडून फ्लॅश काढायचा आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवायचा. तो फ्लॅश चमकला की म्हाताऱ्या खूष. "काय उजेड पडता रे तुझो दत्तू," असं म्हणायच्या. मला विचाराल तर माझा राग दत्तूवर नव्हता, त्याच्या फ्लॅशवर होता. (खोटं कशाला बोला, दोघांवर होता.)

साल दोन हजार पाच असावं. माझी धाकटी बहीण बेबी, तिचं लग्न ठरलं. बाबा, म्हणजे माझे वडील, होडी घेऊन समुद्रावर जाणारे. त्यांनी त्याच वर्षी घराला पुढची खोली काढली होती. गिलावा झाला, रंग झाला, आणि दारासमोरची एक भिंत तेवढी बाबांनी मोकळी ठेवायला लावली.

"हय बेबीच्या लग्नातलो एक मोठो फोटो लावचो," बाबा म्हणाले. "आमी तिगांय. मी, तुझी आवस आणि बेबी."

मी त्या सुमाराला मुंबईच्या एका मित्राकरवी डिजिटल कॅमेरा मागवला होता. तळहातावर मावणारा, चंदेरी. तो बाबांपुढे धरला आणि म्हटलं, "बाबा, तो फोटो मी काढतंय."

बाबांनी कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. "ह्येच्यात बेबी मावतली?"

"सगळा लग्न मावतला, बाबा."

"बरा तर. दत्तूक पण सांगलंय मी. दोगांय काढा. ज्याचो बरो येयत त्याचो लावया."

झालं. त्या दिवसापासून ती मोकळी भिंत मला झोपेत दिसायला लागली. तिच्यावर दत्तूचा फोटो लागला, तर घरात येणारा प्रत्येक माणूस आयुष्यभर विचारणार, "कोणी काढलो?" आणि मी, घरातला एकुलता एक पदवीधर, सांगणार, "दत्तून."

अडचण एकच होती. लग्न घरासमोरच्या माटवात, म्हणजे मांडवात. वर माडाचे झाप, झापांवर वळवाच्या भीतीने घातलेलं निळं प्लास्टिक. भर दुपारी आत असा काळोख की समोरून व्याही आला का आचारी आला ते कळायचं नाही. माझ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश शेंगदाण्याएवढा. मी मांडवात आईचा फोटो काढून बघितला. नथ आली, आई आली नाही.

म्हणजे बाहेरून लावायचा फ्लॅश हवा. आणि तो दत्तूच्या फ्लॅशपेक्षा मोठा हवा. (हे दुसरं कलम कॅमेऱ्याचं नव्हतं, माझं होतं.)

सकाळच्या एस.टी.ने घाट चढून कोल्हापूर गाठलं. दुकान मोठं होतं. मी शाळेतली मराठी काढली.

"डिजिटल कॅमेऱ्यासाठी बाहेरचा फ्लॅश दाखवा."

"कॅमेरा आणलाय का सर?" दुकानदाराने विचारलं. बिचारा सज्जन माणूस.

"नाही." एस.टी.च्या गर्दीत मी कॅमेरा नेतो होय?

"त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच आहे?"

"नाही."

"मग हे बिनवायरीचे बघा." त्याने दोन फ्लॅश काचेवर ठेवले. एक साबणाच्या वडीएवढा. दुसरा मोठा, सोललेल्या नारळाएवढा. "याला स्लेव्ह म्हणतात. म्हणजे गुलाम. याला डोळा असतो. दुसरा कुठलाही फ्लॅश चमकलेला दिसला की हा त्याच क्षणाला चमकतो. वायर लागत नाही, खाच लागत नाही."

'दुसरा कुठलाही' हे दोन शब्द मी नीट ऐकायला हवे होते. पण मी 'गुलाम' या शब्दापाशी थांबलो होतो. माझा एक गुलाम असणार, आणि तो दत्तूच्या देखत चमकणार.

"सर, तुमचा कॅमेरा फोटो काढताना एकदा चमकतो की दोनदा?"

"एकदा."

"नक्की ना? कारण आजकालच्या डिजिटलमध्ये काही..."

"मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स."

"तसं नाही सर. दोनदा चमकणारा असेल, तर हा छोटा घ्यावा लागेल. याला मागे एक बटण..."

"हे बघा, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एकदा काय आणि दोनदा काय, फरक कितीसा पडणार आहे?"

दुकानदार माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. शाळेत मुलं बघतात तसंच. मग त्याने मोठा फ्लॅश मुकाट्याने खोक्यात घातला. बरोबर कॅमेरा आणि फ्लॅश शेजारी शेजारी बसवायची एक पट्टीही दिली. "घरी गेल्यावर एकदा फोटो काढून बघा मात्र," असं तो पाठमोऱ्या मला म्हणाला.

घरी आल्यावर बघितलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खळ्यात, म्हणजे अंगणात. बाबा जाळं विणत बसले होते. बटण दाबलं, कॅमेरा चमकला, गुलाम चमकला, बाबांच्या हातातली सुई खाली पडली.

"आवशीक खाव, वीज पडली?"

फोटो बघितला. लख्ख. बाबांच्या दाढीचे खुंट मोजावेत. अकराच्या उन्हात फ्लॅश घरी ठेवला असता तरी फोटो लख्खच आला असता, एवढं कळायला पदवी लागत नाही. पण मला होती ना.

लग्नाच्या दिवशी दत्तू आला, चहा झाला, खुर्ची झाली, अकरापैकी दोन चेनी उघडल्या. मग त्याची नजर माझ्या हातात गेली.

"वसंता, केदो मोठो रे ह्यो. खंयसून हाडलंस?"

"कोल्हापूर," मी शांतपणे म्हणालो.

"बरो आसा. मस्त काम केलंस." आणि तो मनापासून हसला. याला जळताना बघायला मी घाट चढून गेलो होतो, आणि हा खूष.

पुण्याहवाचनापासून मी बटण दाबत सुटलो. प्रत्येक वेळी दोन्ही फ्लॅश चमकत होते, लोक दिपून डोळे मिटत होते, आत्येने सुद्धा एकदा पदर सारखा केला. सगळं मनासारखं चाललं होतं. फक्त कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो जरा काळसर दिसत होते. जरा म्हणजे, बेबी आहे हे मला माहीत असल्यामुळे दिसत होती. मी मनाची समजूत घातली. पडदा केवढासा, बाहेर उन्हाची तिरीप, काँप्युटरवर टाकल्यावर उजळेल.

मग दुसरा प्रकार सुरू झाला. मी बटण न दाबताही माझा फ्लॅश चमकायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, नवीन यंत्र आहे, उत्साही आहे. सकाळच्या न्याहारीच्या पंगतीला बसलो तेव्हा कॅमेरा पट्टीसकट गळ्यात होता. समोर आत्ये, हातात वडा, वड्यावर काळ्या वाटाण्याचं सांबारं. तिने आ केला आणि माझ्या छातीवर वीज झाली.

"वश्या, घास तोंडात घालताना फोटो काढतंस माझो?"

"मी नाय काढलंय, आत्ये."

"मगे चमाकला काय? तुझा काळीज?"

पंगत हसली. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा चमकला. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला दत्तू व्याह्यांचा फोटो घेत होता, तिकडे माझं लक्षच नव्हतं. आत्येने पान उचललं आणि पाठ फिरवून बसली.

अक्षता पडायच्या वेळी तर भटजींनी मंत्र थांबवला. "तुम्हां दोघांत काय शर्यत लागली आहे का? मला अंतरपाट दिसेना झालाय."

"भटजीनू, मी येकच काढतंय," दत्तू म्हणाला, आणि माझ्याकडे वळून हळूच, "वसंता, मी काढतंय तेवाच तू कित्याक काढतंस रे? मागेफुडे कर मा जरा."

मला आतून बरं वाटलं. म्हटलं, आला वळणावर. माझ्या फ्लॅशपुढे आपला फोटो फिका पडणार हे याला कळलं. मी मुद्दाम त्याला चिकटून राहायचं ठरवलं. दत्तू उजवीकडे तर मी डावीकडे. तो पुढे सरकला की मीही सरकायचो. दोन तास मी त्याला सोडला नाही.

आणि मग पाठवणी. बेबी आईच्या गळ्यात पडली. बाबा दोन हात लांब उभे, खोबऱ्याची वाटी हातात तशीच. मी माझ्या बापाला वादळात होडी हरवली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. बेबीने मान वळवून नुसतं "बाबा" म्हटलं, आणि बाबांचा चेहरा असा काही झाला की मला बटण दाबायचं विसरायलाच झालं. हाच तो फोटो. भिंतीवरचा. मी भानावर येऊन पट्टी वर उचलली, तोवर दत्तूने दाबलं होतं. माझा फ्लॅश चमकला. मग मी घाईघाईने दाबलं. तो पुन्हा चमकला. मी सुटकेचा श्वास टाकला.

चार दिवसांनी मालवणात काँप्युटरवर फोटो उघडले. तीनशे बारा. पहिल्यात काळोख. दुसऱ्यात काळोख, मध्ये एक मुंडावळी. पन्नासाव्यात भटजींचे दात. पाठवणीच्या फोटोत खोबऱ्याची पांढरी वाटी तेवढी हवेत तरंगत होती.

मी कॅमेरा घेऊन दत्तूच्या स्टुडिओत गेलो. जायची इच्छा नव्हती, पण बाबा रोज विचारत होते. दत्तूने कॅमेरा हातात घेतला, दिवे मालवले, भिंतीकडे तोंड करून बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा. मग दिवे लावले आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागला.

"अरे, तुझो कॅमेरो आधी डोळो मारता."

"म्हणजे?"

"आधी बारीक चमाकता, अंदाज घेता. मगे खरो फोटो काढता. आणि ह्यो तुझो बावळो तेना डोळो मारल्यान की लगेच पेटता. खऱ्या वक्ताक ह्येचो दम संपलेलो."

एकदा की दोनदा. दुकानदाराने मला स्वच्छ मराठीत विचारलं होतं.

"पण दत्तू, मी बटण न दाबता तो पेटायचा कसा?"

दत्तू हसायचा थांबला. उठून आतून एक पाकीट घेऊन आला. बेबीच्या लग्नाचे फोटो, नुकतेच धुऊन आलेले. "माका समाजना नव्हता, माझे फोटो इतके बरे कशे इले ते."

दत्तूच्या फोटोंत आजवर सगळी माणसं समोरून उजेड पडून वाळत घातलेल्या पापडांसारखी दिसायची. या पाकिटातली माणसं जिवंत होती. प्रत्येक गालावर बाजूने मऊ उजेड, पैठणीला घडी, नथीला छाया. माझ्या गुलामाने दिवसभर धनी बदलला होता. माझ्या कॅमेऱ्याने डोळा मारला की तो फुकट जाई, आणि दत्तूचा साधा जुना फ्लॅश एकदाच, सरळ चमके. त्याला मात्र तो इमानाने साथ देई. आणि मी, पदार्थविज्ञानाचा पदवीधर, त्याला उचलून दोन तास दत्तूच्या डाव्या बाजूला नेमका हव्या त्या जागी उभा होतो.

पाठवणीचा फोटो सगळ्यात वर होता. आई, बेबी, आणि बाबा. बाबांच्या डोळ्यातलं पाणी खाली पडायच्या आधी उजेडात धरलेलं.

दत्तू म्हणाला, "मोठो करतंय ह्यो. फकत हय बघ, डाव्या कडेक तुझो कोपार इलो आसा, फ्लॅश धरलेलो. कापून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "रवांदेत."

तो फोटो आज त्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कोणी काढला. मी खरं तेच सांगतो, दत्तूने. मग त्याला जवळ बोलावतो आणि डाव्या कडेला बोट ठेवतो. माझं काम त्या भिंतीवर लागावं अशी माझी फार इच्छा होती, आणि ती कोपराएवढी पूर्ण झाली आहे.