मावते ती मावशी

“मला सगळे सिनेमे मध्यंतरापर्यंत पाठ आहेत,” असं मावशी एकदा म्हणाली होती. ती गंमत करते आहे असं समजून आम्ही हसलो. तिनेही तसं समजू दिलं.

ते अक्षरशः खरं होतं. दर उन्हाळ्यात आम्ही गाडीने मामाकडे जायचो. आठ तासांचा रस्ता. मामाच्या तीन खोल्या अगदी वरच्या मजल्यावर. दुपारी छत तापलं की एवढ्या माणसांना पाठ टेकायला जागा नसे. म्हणून सामान गाडीतच ठेवून थेट सिनेमाला जायचं, आणि ऊन उतरल्यावर घरी, असा पायंडा पडला होता. मामा-मामी तिकिटं काढून दारात उभे असत. मध्यंतरानंतर एखादं पोर हमखास रडायला लागे. आधी मी, मग माझा भाऊ, मग मामाची एकामागून एक तिन्ही. पोर रांगेतून हातोहात सरकत मावशीच्या मांडीवर यायचं आणि ती त्याला बाहेर घेऊन जायची. पोर गप्प होईपर्यंत पुढच्या आठवड्याची पोस्टरं दाखवत फिरायची. शेवट आम्ही तिला नंतर सांगायचो, सगळे एकदम, प्रत्येकाचा वेगळा.

मावशी आईची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, आमच्याकडेच राहायची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासायचं काम करायची. काच फ्रेममध्ये बसेपर्यंत तिची कड घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. घरी आली तरी नखांत ती पांढरी भुकटी असे. लहानपणी मी विचारलं होतं, फ्रेमच जरा मोठी का करत नाहीत? ती म्हणाली, “गिऱ्हाईक फ्रेम पसंत करतं गं. काचेला कोण बघतं.”

घरात तिच्यावर एक कोटी होती, वडिलांनी केलेली: मावते म्हणून मावशी. कोटी चांगली होती, म्हणून वीस वर्षं टिकली. पाहुणे वाढले की तिची गादी स्वयंपाकघरात मावायची. फोटोत ती दोन खांद्यांमधल्या फटीत मावायची. गाडीत मागच्या सीटवर मधोमध, पायांखालच्या उंचवट्यावर गुडघे जुळवून, आठ तास मावायची. “मावशीचं काय, ती कुठंही मावते,” असं म्हटलं की प्रश्न मिटायचा. कुठलाही प्रश्न.

गाडी तिला चालवता येत होती. दुकानाचा माल आणायला ती मालकाची व्हॅन घेऊन जायची. लायसन्स मिळालं तेव्हा तिने ते आणून दाखवलं, तर वडील म्हणाले, वा, पत्त्याचा पुरावा झाला. आमच्या गाडीची चावी मात्र त्यांनी कधी दिली नाही. त्यांच्या क्लचला परका पाय सोसत नव्हता.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. भाऊ परीक्षेमुळे आला नव्हता, मागे आम्ही दोघीच. तरी ती मध्येच बसली. पलीकडच्या खिडकीशी तिची बॅग होती, आईने भरून दिलेली, कारण डिकी एका नव्या गुंडाळलेल्या गादीने भरली होती. आजीसाठी, आई म्हणाली. मामाकडेच राहणारी आजी चार महिन्यांपूर्वी मोरीत पडून खुबा मोडून बसली होती.

गादी आजीसाठी नव्हती, हे मला माहीत होतं. मामाशी फोनवर सगळं ठरलं होतं. मावशी आता तिकडेच राहणार, आजीचं करायला. तिला तिथे पोचल्यावर सांगायचं, म्हणजे रस्ताभर पडलेलं तोंड बघायला नको. मी आठ तास तिच्या दंडाला दंड लावून बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना उन्हाने पांढरी पडलेली जमीन होती. वळणावर ती माझ्या अंगावर कलायची आणि दर वेळी ‘सॉरी हं’ म्हणायची.

सिनेमाघर थंडगार होतं. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा मावशी दंड चोळत होती. रांगेच्या टोकाला वडील, मग मामा, धाकट्याला मांडीवर घेतलेली मामी, आई, मी आणि आतल्या बाजूला ती, भिंतीशी. आई माझ्यावरून वाकून सहज म्हणाली, “अगं, बॅगेत तुझी स्वेटरं आहेत की. दोन्ही टाकलीत.”

मावशीचे हात थांबले. “मे महिन्यात?”

आईने मामाकडे पाहिलं. मामा चहाच्या कपात बघत होता. मग त्यानेच सांगितलं, अर्धवट, हसत हसत. आपल्या आईला परक्या बाईचा हात लागलेला चालत नाही, हिची नोकरी आहे, मुलं लहान, आणि तुझी खोली म्हणजे काय, पॅसेजमध्ये पडदा लावला की झालं, गादी तर आलीच आहे.

“माझं दुकान?” मावशीने विचारलं.

वडिलांनी तिकडून सांगितलं की मालकांशी बोलणं झालंय, भला माणूस आहे, त्यांनी दुसरी मुलगी बघितलीसुद्धा. “तू काय गं,” ते म्हणाले, “कुठंही मावतेस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तुलाही माहीत होतं, असं ते पाहणं होतं. मी मान खाली घातली. घंटा झाली, अंधार झाला.

वीसेक मिनिटांनी मामाचं धाकटं रडायला लागलं. मामीने आईकडे दिलं, आईने माझ्याकडे, मी मावशीकडे सरकवलं. तिचे हात मांडीवरच राहिले. पोर माझ्या हातांत लोंबकळत रडत होतं, पुढचे लोक वळून बघत होते, आणि मावशी पडद्याकडे बघत होती. शेवटी मामी चडफडत उठून त्याला घेऊन गेली. मावशीने शेवट पाहिला. त्यानंतर वर सरकणारी नावंही पाहिली, शेवटच्या नावापर्यंत. दिवे लागले, झाडूवाला खालच्या रांगेत शिरला.

“चला,” मामा म्हणाला, “आई आणि थोरल्या दोघांपाशी शेजारीण पाचपर्यंतच थांबणार आहे.”

मावशी उठली. दर वर्षी ती पोट आत ओढून, तिरकी होऊन आमच्या गुडघ्यांसमोरून निघायची. आता ती सरळ उभी राहिली. आधी मी उठले, मग आई, मग मामा, आणि आम्ही एकेक करून बाहेरच्या वाटेत सरकलो. वडिलांपाशी येऊन तिने हात पुढे केला.

“स्वेटर ना?” आई म्हणाली. “तळाशी असतील बघ.”

वडिलांनी गाडीची चावी तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली. आम्ही चौघंही तिथेच उभे होतो, आणि ती पायऱ्या उतरून, दार ढकलून उन्हात निघून गेली.