ताटातला खजूर

नातवाने इस्रायलहून धाडलेलं खजुराचं पाकीट फोडलं आणि त्या वासाने मला पिंपरीच्या आमच्या पहिल्या खोलीत नेऊन बसवलं. यांना नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी नवी सून होते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू; त्या दिवशी नोकरीच्या आनंदात एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा केला होता: गोड पोहे, खोबरं, वर खजूर.

मुंबईहून आलेले एक गृहस्थ यशया संदेष्ट्याच्या पुस्तकावर बोट ठेवून सांगत होते, "देव पूर्वेकडून लेकरं परत आणणार, असं लिहिलंय. पूर्व म्हणजे आपणच. सामान विका नि इस्रायलला निघा!"

हे भारावून ऐकत होते. बोलता बोलता पाहुण्यांनी ताटातला खजूर उचलून तोंडात टाकला. फळांवरची प्रार्थना झाल्याशिवाय आमच्यात ताटाला कुणी हात लावत नाही.

सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "एवढा धीर नाही, आणि हा संदेष्ट्याचा अर्थ सांगणार?"

आम्ही गेलो नाही. पुढे मुलगा गेला, नातू तिकडेच जन्मला. म्हणजे त्या माणसाने लावलेला अर्थ खराच होता की काय, कोण जाणे.

आज घरी पुन्हा मलिदा केलाय, वर तिकडचाच खजूर आहे. तरी प्रार्थना संपेपर्यंत माझी नजर आजच्या पाहुण्यांच्या हातांवरून हलत नाही.